खुफू, चिऑप्स आणि आमचं शुद्धिपत्र

मुलांसाठीच्या जगाच्या इतिहासाच्या एका संचातल्या दुसऱ्या खंडात एके ठिकाणी लिहिलंय की गिझाचा मोठा पिरॅमिड खुफू राजाने बांधला. तीन पानं उलटली की तोच पिरॅमिड चिऑप्स राजाने बांधलेला असतो. माझ्या अकरा वर्षांच्या नातीने दोन्ही पानांत एकेक बोट घालून विचारलं, "आजी, मग या दोघांचं भांडण नाही झालं?"

झालं काय, खुफू हे त्याचं इजिप्तमधलं नाव. ग्रीकांनी त्याचं खेऑप्स केलं. ते इंग्रजीतून मराठीत येताना अनुवादकाने स्पेलिंग बघून चिऑप्स करून टाकलं, आणि पुढच्या कुणाच्या लक्षात आलं नाही की हे एकच गृहस्थ आहेत. मी अठ्ठावीस वर्षं मुद्रितशोधनाचं काम केलं. निवृत्त होऊन चार वर्षं झाली तरी पुस्तक उघडलं की हात पेन्सिलीकडे जातो. त्यामुळे हे परीक्षण थोडं खडूस वाटलं तर समजून घ्या.

हा सहा खंडांचा, मुलांसाठीचा जगाचा इतिहास. जाड पुठ्ठा, गुळगुळीत कागद, सगळी चित्रं रंगीत, मागे "वय ९ ते १४". प्रकाशनाचं नाव देत नाही. त्यांना पत्र टाकलंय, उत्तर आलेलं नाही, आणि हे असे संच दुसऱ्यांचेही असतात. आम्ही दोघींनी मिळून तो उन्हाळाभर वाचला. त्याच्या जोडीला तीन-चार सुटी, बारीक पुस्तकंही वाचली. संचापेक्षा मला त्या सुट्या पुस्तकांबद्दल जास्त सांगायचंय, पण आधी संच.

नातीला एक सवय आहे. कुठलंही वाक्य वाचलं की ती विचारते, "कशावरून?" लहानपणी याचा वैताग यायचा. इतिहासाचं पुस्तक वाचताना मात्र हा एकच प्रश्न पुरतो असं आता वाटतं. सहाशे-सातशे पानांत संच या प्रश्नाला एकदाही उभा राहत नाही. प्राचीन रोममध्ये लोक असे राहत, इजिप्तमध्ये तसे राहत, राजा शूर होता, प्रजा सुखी होती. कशावरून? सांगितलेलंच नाही. लिहिणारा जणू तिथे खुर्ची टाकून बसला होता.

पिरॅमिडचंच घ्या. संचात चित्र आहे: चाबूकवाला मुकादम, आणि साखळ्यांतले गुलाम दगड ओढतायत. चित्र झकास काढलंय. पण गिझाला १९९० पासून पिरॅमिड बांधणाऱ्या कामगारांची थडगी सापडत गेली, तीही पिरॅमिडच्या शेजारीच. जवळच त्यांची वस्ती, पाव भाजायच्या जागा, खाल्लेल्या जनावरांची हाडं सापडली. गुलामांना कोणी राजाच्या शेजारी पुरत नाही. त्याहून भारी गोष्ट २०१३ साली सापडली. तांबड्या समुद्राच्या काठी वादी अल-जर्फ नावाच्या जागी पपायरसचे, म्हणजे लव्हाळ्यापासून केलेल्या जुन्या कागदाचे, तुकडे मिळाले, त्यात मेरेर नावाच्या एका मुकादमाची रोजनिशी होती. आपल्या माणसांना घेऊन त्याने तुरा इथल्या खाणीतला चुनखडीचा दगड नावेत भरला, गिझाला नेऊन उतरवला, परत आला, अमुक रात्री तमुक ठिकाणी मुक्काम केला. साडेचार हजार वर्षांपूर्वीची नोंदवही! लिहिलेले इतके जुने पपायरस दुसरे मिळालेले नाहीत.

हे मी नातीला एका सुट्या पुस्तकातून वाचून दाखवलं. ती म्हणाली, "म्हणजे तो कामावर हजेरी लावत होता." अगदी बरोबर. चाबूकवालं चित्र बघून ती "बिचारे" म्हणाली होती आणि पान उलटलं होतं. मेरेरच्या पानावर ती अर्धा तास थांबली. त्या अर्ध्या तासात तिने कागदावर नाव काढली आणि एका खेपेला किती दगड मावत असतील याचा हिशेब सुरू केला. तो जुळला नाही, पण इतिहास वाचताना मूल हिशेबाला बसलं, याहून मोठी पावती लेखकाला कोणती द्यायची?

संचाच्या बाकीच्या चुका पटापट सांगते. वायकिंगांच्या शिरस्त्राणांना शिंगं आहेत. वायकिंगांच्या काळातलं शिंगांचं एकही शिरस्त्राण आजवर मिळालेलं नाही. नॉर्वेत १९४३ साली जे मिळालं ते साधं गोल टोपीसारखं, डोळ्यांवर चष्म्यासारखी पट्टी असलेलं आहे. शिंगांची कल्पना लोकांच्या डोक्यात बसवण्यात १८७६ मधल्या एका जर्मन ऑपेराच्या पोशाखांचा मोठा हात. कोलंबसने पृथ्वी गोल असल्याचं सिद्ध केलं, असंही आहे. अहो, ते ग्रीकांना ठाऊक होतं. एराटॉस्थेनीसने इ.स.पू. तिसऱ्या शतकात सावल्या मोजून पृथ्वीचा परीघ काढला होता. कोलंबसला विरोध करणारे "पृथ्वी सपाट आहे" असं म्हणत नव्हते, "तू अंतर फार कमी धरतोयस" असं म्हणत होते, आणि त्यांचंच बरोबर होतं. मध्ये अमेरिका आडवी आली म्हणून तो वाचला. खरी गोष्ट खोट्यापेक्षा किती मजेची आहे बघा, आणि तरी पुस्तकं पिढ्यान्‌पिढ्या खोटीच छापतात.

नकाशे देखणे आहेत, पण दोन पानांवर पसरलेले. इजिप्तच्या नकाशात अख्खी नाइल नदी शिवणीत बुडालीय. पान जोर लावून उघडलं तर बांधणी कडकड वाजते. रोमन साम्राज्याच्या नकाशात आजच्या देशांच्या सीमा फिकट रेषांनी दाखवल्यात, आणि त्या आजच्या आहेत असं कुठेही म्हटलेलं नाही. मुलं काय समजणार? शेवटी सूची नाही. सहा खंड आणि सूची नाही! मोठ्यांच्या पुस्तकात ती नसली तर आपण ओरडतो. मुलांना काय, शोधायची गरजच नसते?

एक चूक मात्र आमच्या फारच उपयोगी पडली. तिसऱ्या खंडात रोमन सम्राट ऑगस्टसची चौकट आहे: जन्म इ.स.पू. ६३, मृत्यू इ.स. १४, त्या वेळी तो ७७ वर्षांचा होता. मी वाचून पुढे गेले असते, नातीनेच अडवलं. तिची शंका वेगळीच होती. आधीच्या पानावर सीझर १०० मध्ये जन्मून ४४ मध्ये मेला होता, म्हणजे माणूस उलटा जगला का? इ.स.पू.चे आकडे उतरत येतात हे संचाने कुठेच सांगितलेलं नाही. मग आम्ही मोजपट्टी घेतली. पट्टीच्या मधोमध एक खूण केली, डावीकडे इ.स.पू., उजवीकडे इ.स. ती ६३ आणि १४ मिळवून ७७ म्हणाली. म्हटलं, थांब, खुणेवर कोणतं साल आहे? "शून्य." शून्य साल नाहीच. इ.स.पू. १ संपलं की दुसऱ्या दिवशी इ.स. १ सुरू. ती पट्टीकडे बघत राहिली. "पण पट्टीवर तर शून्य असतं!" पट्टीवर असतं गं, कालगणना करणाऱ्याने धरलं नाही. म्हणून एक वजा, ७६. मग तिला सांगितलं की जन्म सप्टेंबरातला आणि मृत्यू ऑगस्टातला. तिने स्वतःच आणखी एक वजा केला. शेवटचा वाढदिवस व्हायचाच राहून गेला होता. पंचाहत्तर. तिने पुस्तकातल्या ७७ वर काट मारली, आणि समासात मी शिकवलेली खूण करून ७५ लिहिलं. छापलेल्या पुस्तकात चूक असू शकते हे तिला त्या दिवशी कळलं. त्यानंतर ती चुका शोधण्यासाठीच वाचते की काय अशी शंका येते. घराण्याचा गुण.

आता सुटी पुस्तकं. मेरेरचं सांगितलंच. दुसरं आल्प्समधल्या हिममानवाचं, ओट्झीचं. हे पुस्तक पहिल्या पानापासून तपासासारखं चालतं. १९९१ साली दोन गिर्यारोहकांना बर्फातून वर आलेला एक देह दिसतो. सगळ्यांना वाटतं, अलीकडेच हरवलेला कोणी गिर्यारोहक असणार. मग शेजारी तांब्याची कुऱ्हाड सापडते आणि प्रकरण ५३०० वर्षं मागे जातं. दहा वर्षं शास्त्रज्ञ त्या देहाची तपासणी करत राहतात, आणि २००१ साली एक्स-रेमध्ये त्याच्या डाव्या खांद्यात बाणाचं टोक दिसतं. इतकी वर्षं ते तिथेच होतं! पुस्तकाची खुबी ही की आधी लोकांना काय वाटलं होतं तेही ते सांगतं आणि ते का चुकलं तेही. थंडीने मेला असेल, पडून मेला असेल. जुनी उत्तरं खोडरबरने पुसलेली नाहीत, काट मारून तशीच ठेवलीत. बाण कोणी मारला? कोणालाच माहीत नाही, आणि पुस्तक तसं लिहून गप्प बसतं. नातीला हा शेवट मुळीच आवडला नाही. दोन दिवस ती चिडून होती. भाषेबाबत माझी तक्रार आहे: "सदर मृतदेहाच्या जठरात" हे काय मराठी आहे? पोलीस पंचनामा लिहितायत का? "त्याच्या पोटात" म्हटलं की झालं. त्याच्या पोटात डोंगरी बोकडाचं मांस होतं, हे मुलांना हवंच असतं.

तिसरं पुस्तक अठ्ठेचाळीस पानांचं. संचाचे सहाही खंड त्याच्यावरून ओवाळून टाकावेत. विषय आहे रशियातलं नोवगोरोद शहर. तिथली माती ओली, घट्ट, हवा आत न जाऊ देणारी. त्यामुळे भूर्जाच्या सालीवर टोकदार काडीने कोरलेली पत्रं सातआठशे वर्षं न कुजता राहिली. पहिलं १९५१ साली मिळालं, आता हजाराच्या वर झालीत. उधारी, मालाची मागणी, घरगुती निरोप. आणि त्यात एका मुलाच्या वह्या. त्याचं नाव ऑनफिम. तेराव्या शतकाच्या मध्यावरचा, सहासात वर्षांचा असावा असा अंदाज. कशावरून? पुस्तक लगेच सांगतं: चित्रांवरून. त्या वयाची मुलं माणसं जशी काढतात तशी ती आहेत.

एका सालीवर तो मुळाक्षरं गिरवायला बसलाय. थोडी अक्षरं झाली आणि कंटाळा आला असावा, कारण पुढे अक्षरं नाहीत. एक घोडेस्वार आहे, खाली पडलेल्या शत्रूला भाला खुपसतोय, आणि शेजारी नाव लिहिलंय: ऑनफिम. दुसऱ्या एका सालीवर एकेका स्वराला धरून व्यंजनं लावलेली आहेत, म्हणजे आपली बाराखडीच म्हणा ना. आणखी एकीवर एक चमत्कारिक प्राणी आणि त्याच्याखाली "मी जंगली जनावर आहे". दानिलो नावाच्या मित्राला नमस्कारही आहे.

नात हातांची बोटं मोजत बसली. ऑनफिमच्या माणसांचे हात दाताळ्यासारखे आहेत, कुणाला तीन बोटं, कुणाला जास्त. "याला मोजता येत नव्हतं का?" मग स्वतःच म्हणाली, "नाही, घाई असेल." मी तिची पहिलीतली एक वही जपून ठेवली आहे. ती काढली. बाराखडी "कै"पर्यंत, आणि पुढे मांजर. मांजरीला पाच पाय. ती इतकी हसली की तिचा बाप बघायला आला.

या पुस्तकात एकही लढाई नाही, राजांची यादी नाही. पण सातशे-साडेसातशे वर्षं म्हणजे काय हे तिला पट्टीवर कळलं नव्हतं ते इथे कळलं असावं, कारण झोपताना तिने विचारलं, "त्याचं पुढे काय झालं?" माहीत नाही. पुस्तकही तेच म्हणतं. या वेळी ती चिडली नाही.

छपाई मध्यम, कागद पातळ, पलीकडचं थोडं दिसतं. पण सूची आहे. अठ्ठेचाळीस पानांना सूची! त्या अज्ञात संपादकाला माझा दंडवत.

चौथं पुस्तक मी द्यावं की नाही यावर घरात चर्चा झाली. ते अटलांटिक पार करणाऱ्या गुलामांच्या जहाजांबद्दल आहे. त्यात 'ब्रुक्स' या इंग्रज जहाजाची प्रसिद्ध आकृती पानभर छापली आहे. गुलामांच्या व्यापाराविरुद्ध लढणाऱ्यांनी ती १७८८ साली छापून वाटली होती. जहाजाचा तळ वरून दिसतो, आणि त्यात शेजारीशेजारी, डोक्याला पाय लावून, शेकडो माणसं काढलेली आहेत. पुस्तकाने त्या पानावर काहीही लिहिलेलं नाही, आकडाही नाही. तो पान उलटल्यावर मिळतो, आणि तिथेच कळतं की या जहाजाने त्याआधी एका फेरीत याहून जास्त, सहाशेच्या वर माणसं नेली होती. नातीने मोजायला सुरुवात केली. सवयच ती. साठ-सत्तरपर्यंत गेली असेल. मग पुस्तक मिटलं आणि माझ्याजवळ येऊन बसली. मीही काही बोलले नाही. दोन दिवसांनी तिने ते पुन्हा आपणहून उघडलं.

अकराव्या वर्षी हे द्यावं का? माझं मत, द्यावं, पण आपण घरात असताना, आणि रात्री नाही. ज्यांची मुलं हळवी आहेत त्यांनी आधी स्वतः वाचावं. नववर्षांच्या मुलाला मी देणार नाही.

संचातही हा विषय आहे, पाचव्या खंडात, एका परिच्छेदात. वाक्य असं: "या काळात आफ्रिकेतून मोठ्या संख्येने मजूर अमेरिकेत नेण्यात आले." व्याकरण निर्दोष. मुद्रितशोधक म्हणून मी त्याला हात लावला नसता. पण संपूर्ण संच या "-ण्यात आले" वर चाललेला आहे. शहर लुटण्यात आलं. जमिनी ताब्यात घेण्यात आल्या. बंड मोडून काढण्यात आलं. कोणी? कर्ता गायब. पिरॅमिड बांधताना मात्र कर्ता हजर: राजाने बांधला. चांगलं काम असलं की कर्ता हजर, वाईट असलं की कर्ता गायब. एकदा हे दिसलं की दिसतच राहतं. तुमच्या घरातल्या कुठल्याही इतिहासाच्या पुस्तकावर हा प्रयोग करून बघा.

जुन्यांपैकी दोन पुस्तकांबद्दल थोडं, कारण लोक हमखास विचारतात. अर्न्स्ट गॉम्ब्रिख यांचं 'अ लिटल हिस्टरी ऑफ द वर्ल्ड'. १९३५ साली व्हिएन्नात, सव्विसाव्या वर्षी, हाताला नोकरी नसताना त्यांनी ते सहा आठवड्यांत जर्मनमध्ये लिहिलं. एका इंग्रजी पुस्तकाचा अनुवाद करायचं काम आलं होतं. ते म्हणाले, याहून चांगलं मीच लिहीन. शेजारी बसून गोष्ट सांगावी तसा सूर आहे. युरोपचं पारडं फार जड, हे खरं. पण मला त्यातलं आवडतं ते शेवटचं प्रकरण. जवळपास पन्नास वर्षांनी जोडलेल्या त्या प्रकरणात म्हातारे गॉम्ब्रिख आपल्याच पुस्तकातली पहिल्या महायुद्धाबद्दलची एक चूक मुलांपुढे कबूल करतात. लेखकाने स्वतःच्या पुस्तकाला जोडलेलं शुद्धिपत्र! पंडित नेहरूंचं 'ग्लिम्प्सेस ऑफ वर्ल्ड हिस्टरी' म्हणजे १९३० ते १९३३ मध्ये तुरुंगातून मुलीला लिहिलेली १९६ पत्रं. ग्रंथालय हाताशी नाही, स्वतःची टिपणं आणि स्मरण यांवर लिहिलेली. सुंदर आहेत, पण सलग वाचायला अकराव्या वर्षी जड. आम्ही मधूनमधून एखादं उघडतो.

तर संच घ्यावा का? चित्रं बघायला आणि भांडायला, हो. एकट्या मुलाच्या हातात देऊन आपण दुसऱ्या कामाला लागणार असाल तर नको. तेवढ्याच पैशांत सुटी, एकेका विषयावरची बारीक पुस्तकं पुष्कळ येतात. घेताना आधी शेवटची दोन पानं बघा: सूची आहे का, आणि "हे आम्हाला कसं कळलं" असं काही आहे का. मग कुठलंही एक पान उघडून "असं मानतात", "माहीत नाही", "पूर्वी असं वाटायचं" असे शब्द शोधा. वीस पानांत एकदाही सापडले नाहीत तर परत ठेवा.

संच आता तिच्या मामेभावाकडे जायचा आहे. तो नऊ वर्षांचा. नात म्हणाली, चुकांसकट कसा द्यायचा? म्हणून तिने शुद्धिपत्र तयार केलं, माझ्या जुन्या कामात बघितलं होतं तसंच: खंड, पान, ओळ, अशुद्ध, शुद्ध. चौदा नोंदी आहेत. चिऑप्सच्या जागी खुफू, ७७ च्या जागी ७५, शिंगं "नाहीत". तपासायला माझ्याकडे दिलं. "साम्राज्य" तीन ठिकाणी तीन तऱ्हेने लिहिलं होतं, ते सुधारलं. नववी नोंद पाचव्या खंडाची. "अशुद्ध" खाली: मजूर नेण्यात आले. "शुद्ध" खाली: व्यापाऱ्यांनी माणसांना पकडून, विकत घेऊन, साखळ्यांत बांधून नेलं.

मी म्हटलं, बाळा, शुद्धिपत्रात छपाईच्या चुका घालतात. ही छपाईची चूक नाही.

"मग कसली आहे?"

नववी नोंद तशीच आहे.